माळ्यावरचं सामान उक्तं देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातलं जुनं चौपाखी घर. आई आता रत्नागिरीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार. घर बंद ठेवायचं की उतरवायचं ते पुढे ठरेल. माळा, माजघर, पडवी मिळून चार-पाच पिढ्यांचं सामान आहे आणि गावात फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचे मिळून उक्ते चाळीस हजार सांगितलेत. द्यावं का, आणि यातलं विकण्यासारखं नेमकं काय?

उक्तं देऊ नका. चाळीस हजार थोडे की पुष्कळ, हे सामान बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही, पण उक्ता सौदा कसा बांधतात ते ठरलेलं आहे. घेणारा माळ्यावर एक फेरी मारतो आणि मनात तीन-चार नग धरतो. बहुतेक घरांत ते म्हणजे तांब्याचा बंब, शिसवी कपाट, झोपाळ्याच्या कड्या, एखादी तसबीर. त्या नगांत पैसे वसूल होतील असा आकडा तो सांगतो. बाकीचं त्याला फुकट पडतं. तो गेल्यावर आठवून बघा: कुठल्या वस्तूपाशी दोनदा थांबला, आणि कुठल्या वस्तूला मुद्दाम "हे काय, सरपणाला जाईल" म्हणाला. तपासणीची सुरुवात तिथूनच करा.

जुन्या वस्तूला तीन भाव असतात. मोडीचा, म्हणजे वितळवून किंवा फोडून जे मिळेल तो. वापराचा, म्हणजे ती वस्तू आजही कुणी घरात वापरणार असेल तर तो. आणि हौसेचा, म्हणजे जमवणारा माणूस देतो तो. तुमच्या हातातल्या वस्तूला या तिघांतला कुठला भाव सगळ्यात वर जातो, एवढंच ठरवायचं आहे. गिऱ्हाईक कुठे शोधायचं, वस्तू घासायची की नाही, थांबायचं की आज द्यायची, हे सगळं त्यावरून ठरतं. पिचलेला, भोक पडलेला हंडा मोडीचाच. त्याला 'अँटिक' म्हणून वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही. फणसाच्या लाकडाचा धडका पलंग वापराचा. माजघरातली कळकट लक्ष्मीची तसबीर हौसेची असू शकते आणि तिलाच लोक आधी रद्दीत टाकतात.

मोजायला लागण्यापूर्वी एक काम उरकून घ्या. घर सामाईक असेल, सातबारावर किंवा घरपट्टीवर काका-चुलत्यांची नावं असतील, तर सामानही सगळ्यांचं धरून चाला. मुंबईचे चुलतभाऊ दहा वर्षं गणपतीला आलेले नसतात, पण बंब विकल्याची बातमी त्यांच्यापर्यंत तासाभरात पोचते. प्रत्येक नगाचा फोटो काढा, नंबर घाला, यादी भावकीच्या ग्रुपवर टाका आणि 'अमुक तारखेपर्यंत ज्याला जे हवं ते सांगा' असं लिहून कळवा. उत्तरं लेखी ठेवा. देवघरातले टाक, मूर्ती, घंटा, मूळ घराचं गणपतीचं सामान, गावच्या देवस्थानाचं काही ठेवायला दिलेलं असेल तर ते, हे या यादीत येतच नाही. ते कुणाकडे जायचं हे घराने बसून ठरवायचं.

आता धातू. पैसा सगळ्यात खात्रीचा इथेच असतो आणि फसवणूकही इथेच सगळ्यात जास्त होते.

सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा मिळतो, ५० किलोपर्यंतचा. तो स्वतःचा घ्या. गिऱ्हाईक यायच्या आधी प्रत्येक भांडं तोलून वजन खडूने बुडावर लिहून ठेवा. मग तांबं, पितळ, कासं असे तीन ढीग करा, कारण तिन्ही एकत्र तोलली की सगळ्याला पितळेचा भाव लागतो, आणि पितळ तिघांत स्वस्त. आतल्या पांढऱ्या रंगाला फसू नका, ती कल्हई असते. भांड्याच्या बाहेरच्या अंगाला, काठाखाली कानसीने बारीक ओरखडा काढा. लालसर निघालं तर तांबं, पिवळं निघालं तर पितळ. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२. ते फिकट दिसतं, टिचकी मारली की नाद लांबतो, आणि पडलं तर पिचत नाही, तडकतं. पितळेची ताटली बद्द वाजते आणि वाकते. तुमच्याकडे काशाच्या वाट्या आणि ताटं असतील तर एकेकाला टिचकी मारून ऐका. चिरकी वाजली की कुठेतरी केसासारखी चीर आहे, ती मोडीत. शाबूत असतील ती वापराच्या भावाने जातात, कारण काशाची नवीन भांडी महाग असतात आणि काशाच्या ताटात जेवायची हौस आता शहरात परत आली आहे.

चौथी तपासणी लोहचुंबकाची. तांबं, पितळ, कासं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. झोपाळ्याच्या 'पितळी' कड्यांना चुंबक लावून बघाच. आत लोखंडी गज आणि वर पितळेचा पत्रा असे प्रकार पुष्कळ आहेत. हत्ती, मोर, घोडेस्वार असलेल्या भरीव ओतीव कड्यांना हौसेचा भाव आहे, पण चारही साखळ्या पूर्ण हव्यात. प्रत्येक साखळीतले नग मोजा. एक हत्ती कमी असला तरी गिऱ्हाईक अख्ख्या जोडाचा भाव पाडतं. आणि झोपाळ्याची फळी आणि कड्या वेगवेगळ्या विका. फळी लाकूडवाल्याची, कड्या हौशी माणसाच्या.

मोडीचा भाव रोज हलतो. विकायच्या दिवशी सकाळी रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबईतल्या दोन मोडवाल्यांना फोन करून विचारा आणि आकडा कागदावर लिहा. समजा तांब्याला किलोला ७०० धरले (हा आकडा फक्त हिशेब दाखवण्यापुरता), तर ९ किलोचा बंब ६,३०० चा झाला. हा त्याचा तळ. याच्या खाली कुणी मागितला तर बोलणं तिथेच थांबवा. घट, म्हणजे वजनातून वजावट, किती धरणार हे तोलण्याआधी ठरवून घ्या. घट मागायला कारणं असतात ती अशी: लोखंडी कडी, शिशाचे डाग, बुडाची काजळी, आणि समईच्या बैठकीत भरलेली राळ किंवा माती. कड्या आधीच काढून ठेवा, काजळी खरवडा, समई हलवून बघा. मग घट कशाची, असं विचारता येतं.

बंबाबद्दल थोडं सविस्तर, कारण जुन्या घरात हा एकच नग असा आहे ज्याला तिन्ही भाव लागू शकतात. बंबाच्या मधोमध उभी नळी असते, तिच्यात निखारे, खाली जाळी आणि राखेचं तोंड. नळीभोवती पाणी. बाहेरून बंब कितीही चांगला दिसला तरी मरतो तो नळीत. पाणी भरून अर्धा तास ठेवा आणि वरून बॅटरी मारून नळीत बघा. आत ओल दिसली किंवा खाली थेंब आले तर नळी गळते. असा बंब वापरातून गेला, पण मोडीत गेला असं समजू नका. होमस्टेवाले आणि हॉटेलवाले तो शोभेला घेतात, त्यांना नळीशी देणंघेणं नाही. त्यांना हवी असते मूळची पितळी तोटी, वरचं झाकण, दोन्ही बाजूंच्या कड्या आणि फारसे पोचे नसलेलं अंग. तोटी काढून कुणी नळाची स्टीलची बसवली असेल तर जुनी तोटी माळ्यावर कुठेतरी डब्यात असते, ती शोधा.

हंडे, कळश्या, घागरी, तपेली, परातींत हौसेचा भाव कुणाला मिळतो? हाताने घडवलेल्यांना. भांडं उजेडात तिरकं धरा. ठोक्यांच्या ओळी दिसतील, त्या मठारकामाच्या. जुन्या हंड्याच्या पोटावर किंवा बुडाजवळ दातेरी रेघ दिसते, दोन पत्र्यांचे दाते एकमेकांत अडकवून झाळलेला तो सांधा असतो. बाहेरून कळत नसेल तर आतून बोट फिरवा, लागतो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला असा सांधा नसतो आणि आत गोलगोल बारीक रेघा असतात. त्याला मोडीचाच भाव. ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि साल कोरलेलं असेल तर व्यापारी "नाव घातलंय, कमी मिळेल" म्हणतो. मोडीला नावाने काही फरक पडत नाही, आणि हौशी माणसाला नाव-साल आवडतं. ऐकून सोडून द्या.

आणि घासू नका. चिंच, मीठ, पितांबरी, ब्रासो, काहीही नको. मोडीला चकाकीचा उपयोग नाही आणि हौशी गिऱ्हाईकाला जुना काळपट रंगच हवा असतो. फार तर रिठ्याच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. बोहारणीला जुने कपडे द्यायला हरकत नाही, पण तांब्याची कळशी देऊन स्टीलचे डबे घेण्याचा व्यवहार कायम तोट्याचा असतो. वजनाने हिशेब करून बघा, लगेच कळेल.

चांदीचं वेगळं. तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी, निरांजनं, सराफाकडे न्या आणि मशीनवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढून घ्या. एका सराफाने सांगितलेला टंच दुसऱ्याकडे पडताळा. सांध्यांना लावलेल्या डागामुळे, म्हणजे झाळणीमुळे, टंच उतरतो, त्यामुळे परीक्षा तबकाच्या मध्यावर करायला सांगा. 'जर्मन सिल्व्हर' म्हणतात त्यात चांदी अजिबात नसते; तांबं, जस्त आणि निकेल. बुडावर 'ई.पी.एन.एस.' असा छाप दिसला तर चांदीचा नुसता मुलामा आहे.

राणीच्या, राजाच्या छापाचे रुपये बहुतेक घरांत एखाद्या डबीत असतात. १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.६७ टक्के चांदी. म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. असे वीस रुपये म्हणजे सुमारे २१४ ग्रॅम. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. हे ढीग वर्षाप्रमाणे वेगळे करा, नाहीतर सगळे निम्म्याच्या भावाने जातील. भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, आणे यांना नाणी जमवणारे किरकोळ पैसे देतात. नाणं घासलं की हौसेचा भाव संपला, चांदीचा तेवढा उरतो. 'ट्रॅक्टरची पाचाची नोट लाखाला' असल्या जाहिरातींना उत्तर देऊ नका. आधी नोंदणी, कमिशन, कर असं म्हणून ते तुमच्याकडूनच पैसे घेतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

लाकूड. इथे पहिला प्रश्न जातीचा. पॉलिश आणि तेलाखाली सगळं लाकूड काळं दिसतं, म्हणून पुढून बघू नका. खण बाहेर काढून त्याची मागची फळी, टेबलाची खालची बाजू, कपाटाची पाठ बघा. न दिसणाऱ्या जागी पटाशीने नखाएवढी ढलपी काढा. सागाला तेलकट, कातड्यासारखा वास येतो आणि रंग सोनेरी तपकिरी. शिसव आत जांभळट काळं, सागापेक्षा हाताला सरळसरळ जड. फणस आत पिवळा. बाहेरून तो जुना झाला की सागासारखा दिसतो आणि कोकणात 'सागाचं' म्हणून सांगितलेलं निम्मंशिम्मं सामान फणसाचं निघतं. त्यात वाईट काही नाही, फणस टिकतो, पण भाव सागाचा मिळणार नाही. आंब्याचं लाकूड फिकट, हलकं, भुंग्याला आवडणारं. त्याला सरपणाच्या वर फारसं कुणी देत नाही. कित्येक कपाटांना पुढची दारं सागाची आणि पाठ-फळ्या आंब्याच्या असतात, तेव्हा एकाच जागी ढलपी काढून थांबू नका.

दुसरा प्रश्न भुंगा आणि वाळवी. भोकं दिसली म्हणजे कीड आहेच असं नाही, चाळीस वर्षांपूर्वी मेलेलीही असेल. पायाखाली वर्तमानपत्र घालून आठ दिवस ठेवा. ताजं, फिकट, पिठासारखं भुस पडलं तर कीड जिवंत आहे. ते सामान बाकीच्यांपासून लांब करा आणि गिऱ्हाईकाला सांगून द्या. लपवून दिलं तर टेम्पोतच भुस पडतं आणि पुढचा सौदा मोडतो. पायांची शेवटची चार बोटं सळईने टोचून बघा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कपाटाचे पाय ओलीने कुजलेले असतात, वरचं अंग मात्र खणखणीत असतं. असे पाय सुतार कापून नवे जोडतो. त्याचा खर्च भावातून वजा होतो, कपाट बाद होत नाही.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि लोक तो विचारतच नाहीत. सात फुटी कपाट आजच्या फ्लॅटच्या दारातून आणि जिन्याच्या वळणातून जात नाही. म्हणून मोठ्या पलंगाला, मोठ्या कपाटाला गिऱ्हाईक कमी आणि लहान वस्तूंना जास्त. पाट, चौरंग, देव्हारा, लिहायचं उतरतं मेज, पितळी पट्ट्यांची पेटी, स्टूल, आरामखुर्ची, पाळणा: या वस्तू एका माणसाला उचलता येतात, डिकीत बसतात, आणि म्हणून त्यांचा वापराचा भाव मोठ्यांच्या मानाने चांगला येतो. मोठं कपाट विकायचं असेल तर ते सुटं होतं का बघा. खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या आणि कुसवांवर उभं केलेलं जुनं काम सुटं करता येतं. खुंट्या मागून ठोकून काढायच्या, प्रत्येक भागावर खडूने आकडा घालायचा आणि फोटो काढायचा. नंबर न घालता सोडवलेलं कपाट म्हणजे फळ्यांचा ढीग, आणि फळ्यांना फळ्यांचाच भाव.

घर उतरवायचं ठरलं तर हिशेब वेगळा. खांब, तुळया, वासे, दाराच्या चौकटी घनफुटावर जातात. इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४. सहा बाय सहाचा नऊ फुटी खांब म्हणजे ३२४ भागिले १४४, सव्वादोन घनफूट. प्रत्येक खांबावर माप लिहा. कुजलेली टोकं आणि खाचा सोडून मापतात, तेही आधीच ठरवा. कोरीव ब्रॅकेट, चौकटीवरची पट्टी, गजांची खिडकी, नक्षीचं मुख्य दार हे घनफुटात देऊ नका, नगावर द्या. मंगलोरी कौलं शाबूत असतील तर शेकड्यावर जातात, टिचकीला खणखणीत वाजली पाहिजेत. उतरवणाऱ्याशी ठेका करताना 'निघेल ते आमचं' अशी अट टाकू देऊ नका, हे परत उक्तंच झालं. आणि गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वाहतूक पासाचं विचारून या, घरपट्टीची पावती आणि ग्रामपंचायतीचा दाखला बरोबर घेऊन. साग, शिसव, खैर यांची गाडी नाक्यावर अडली की भाडं तुमच्या माथी बसतं.

हौसेच्या वस्तूंचं एक सांगणं. ब्रह्मदेशाचा पदच्युत थिबा राजा १८८६ ते १९१६ रत्नागिरीत नजरकैदेत होता, तेव्हापासून रत्नागिरीच्या पंचक्रोशीत 'थिबाच्या वाड्यातली' खुर्ची, आरसा, पेटी भरपूर आहेत. त्याच्या वाड्यात तेवढ्या खुर्च्या मावल्या नसत्या. कागद नसेल, जुना फोटो नसेल, लिलावाची पावती नसेल तर त्या गोष्टीला बाजारात एक रुपयाही मिळत नाही. वस्तू आहे तशी, लाकूड आणि काम बघूनच विकली जाते. उलट कागद असेल तर तो वस्तूइतकाच जपा.

तसबिरी. राजा रवि वर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ मध्ये आगीत गेला. त्याची रंगीत छापील चित्रं कोकणातल्या घराघरांत लागली होती. खालच्या पांढऱ्या कडेवर छापखान्याचं नाव असतं. भिंग लावून बघा. जुन्या दगडी छापाईत रंगाचे अनियमित कण दिसतात. सारख्या ओळीत बसलेले बारीक गोल ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेटची नक्कल. चित्राची कड कापू नका, चौकट बदलू नका, काच ओल्या फडक्याने पुसू नका, पाणी आत झिरपतं. काही चित्रांवर घरच्या बायकांनी जरी-टिकल्या लावलेल्या असतात. त्या उपटू नका, त्यामुळेच किंमत वाढते. आपल्या हवेत काचेला चिकटलेलं चित्र सगळ्यात वाईट. ते घरी सोडवायला गेलात तर रंग काचेवर राहतो. तसंच द्या.

बरण्या आणि कपबश्या. लोणच्याच्या साध्या चिनीमातीच्या बरण्यांना वापराचा भाव येतो, झाकण मूळचं असेल तर चांगला. मोठे मर्तबान, रंगूनला किंवा आफ्रिकेला बोटीवर गेलेल्या खलाशांनी आणलेली नक्षीची ताटं, तांडेलाच्या घरातला जहाजी कंदील किंवा होकायंत्र, हे हौसेचं. बुडाचा छाप फोटोत यायलाच हवा. कड उडालेली असेल तर भाव निम्म्याहून खाली येतो, तडा गेला असेल तर शोभेपुरताच. गणपतीच्या माटवीखाली (गणपतीच्या वर बांधतात त्या चौकटीखाली) टांगायच्या काचेच्या हंड्या आधी ठेवून घ्या. पुढच्या भाद्रपदात त्याच विकत घ्यायला निघाल तर तिप्पट पडतील.

सावंतवाडीकडचं नातं असेल तर पेट्या नीट उघडून बघा. गोल, हाताने रंगवलेले पत्ते सापडले तर तो गंजिफा. दशावतारी संच १२० पानांचा, दहा अवतारांचे बारा-बारा. पानं मोजा, मूळची रंगवलेली डबी शोधा. सुटी पानं वाटून देऊ नका.

जुनी पैठणी, शालू, शेला. खरी जर असेल तर जरीवाले वजनावर घेतात आणि कापड जाळून चांदी काढतात. तो मोडीचा भाव. जरीचा एक धागा नखाने सोलून बघा. पत्तीखाली रेशीम किंवा सूत आणि पत्ती कसोटीवर पांढरी उमटली तर चांदी, लाल उमटली तर तांबं. पदर धडका असेल आणि घड्यांवर चिरलेला नसेल तर जरीवाल्याला देऊ नका, साडी म्हणूनच जास्त मिळतं. घड्यांवर फाटलेल्या पैठणीचा पदर आणि काठ वेगळे काढून विकले जातात.

शिवणयंत्र, घड्याळ, रेडिओ, कंदील यांत फार आशा धरू नका. सिंगरची मशिनं पुष्कळ निघतात. चालू असेल तर वापराचा भाव, नाहीतर बिडाच्या मोडीचा. लंबकाच्या घड्याळाला किल्ली, लंबक आणि मूळची तबकडी तिन्ही असतील तरच हौसेचा भाव, आणि खारट हवेत आतल्या पोलादी पट्टीला गंज चढलेला असतो, तो उघडून दाखवा.

जातं, पाटा-वरवंटा, रगडा, व्हायन (दगडी उखळ), मुसळ, घिरट (भात भरडायचं मोठं जातं) यांना होमस्टेवाले अंगणात मांडायला घेतात, पण वाहतूक वस्तूहून महाग पडते. जवळचा कुणी स्वतःच्या गाडीने न्यायला आला तर द्या, मुंबईला पाठवायला जाऊ नका. बिडाचा तवा विकू नका. घावणे उठणारा, मुरलेला तवा मोडीत कवडीमोलाने जातो आणि तसा परत तयार व्हायला वर्षं लागतात. तो फ्लॅटमध्ये न्या. पायली, शेर, मापटी यांवर सरकारी शिक्का असेल तर पूर्ण जोड जमवून एकत्र विका.

कागदांची पेटी मात्र कुणालाही दाखवायच्या आधी स्वतः बघा. मोडी लिपीतले, वाचता येत नाहीत म्हणून कागद रद्दीत देऊ नका. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करायची वतनी पद्धत, १९४९ च्या कायद्याने गेली, पण त्या काळच्या कबुलायती, वाटणीपत्रं, फेरफार, शाळेचे जुने दाखले आजही जमिनीच्या वादात आणि जातपडताळणीत लागतात. मोडी वाचणारा शोधून एकदा सगळे वाचून घ्या, स्कॅन करा, आणि मूळ कागद ठेवा.

काही वस्तू विकायच्याच नाहीत, कारण कायदा. सांबरशिंग, गव्याचं शिंगाडं, बिबट्याचं कातडं, हस्तिदंती फणी किंवा डबी: १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली यांची विक्री गुन्हा आहे, ऑनलाइन फोटो टाकणंही अंगाशी येतं. वनखात्याशी बोला. ठासणीची बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आजोबांच्या नावे असेल आणि ते गेले असतील तर आधी पोलीस ठाण्यात कळवून जमा करा. शंभर वर्षांहून जुन्या दगडी, धातूच्या, लाकडी मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांना १९७२ चाच पुरावस्तूंचा कायदा लागतो. त्यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते, देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि हस्तलिखितांना मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. रोजचे हंडे-कळश्या त्या नोंदणीच्या यादीत येत नाहीत.

कुठे विकायचं? मोड रत्नागिरीत किंवा कोल्हापुरात, दोन ठिकाणचा भाव घेऊन. वापराचं सामान तालुक्यातच, व्हॉट्सॲपवर फोटो आणि मापं टाकून. गुहागर, दापोली, तारकर्लीकडे होमस्टे उभे राहताहेत, त्यांना पाट, पेट्या, आरामखुर्च्या लागतात आणि ते स्वतः न्यायला येतात. हौसेचं तेवढं मुंबई-पुण्याला: ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार. तिथे फोटो आधी पाठवा आणि तिघांकडून आकडा येईपर्यंत स्वतः आकडा सांगू नका. एप्रिल-मे सगळ्यात बरा. चाकरमानी गावात असतात, सामान कोरडं असतं, वाडीपर्यंत टेम्पो येतो. आषाढात ओलं लाकूड फुगतं, दारं-खण अडकतात, आणि ते बघून गिऱ्हाईक भाव पाडतं.

सौद्याच्या दिवशी यादीची एक प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या. नंबर, वजन, भाव, सही. 'एवढं घेतोच आहे तर ही परातही टाका वर' हे वाक्य हमखास येतं. परातीचा नंबर यादीत नसेल तर ती जात नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यातही बसत नाही, खात्यावर घ्या. पैसे जमा झाल्याचा मेसेज तुमच्या मोबाईलवर आल्यावरच टेम्पोचा फाळका लावू द्या.